लंबकाला बांधलेलं घड्याळ

१

ओदील कालामच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कठड्यावर एक हिरवी बशी असायची. दुरुस्त झालेलं घड्याळ तिनं त्या बशीत ठेवलं की तिच्या नवऱ्यानं, गास्पारनं, ते उचलून मनगटावर चढवायचं आणि आठवडाभर वागवायचं. सांगायचं नाही, विचारायचं नाही. टेबलावर घड्याळ कितीही शहाण्यासारखं चाललं, तरी त्याची खरी परीक्षा माणसाच्या हातावर होते, हे स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लसारख्या घड्याळांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गास्पारनं तीस वर्षं डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल वाटलं होतं. आता निवृत्तीत तो बायकोची घड्याळं वागवायचा. "मी तिचा भाडोत्री हात आहे," तो कॅफेत सांगायचा, "भाडं तेवढं मिळत नाही."

ओदीलनं बावीस वर्षं कारखान्यात बसून केसाएवढ्या स्प्रिंगा जुळवल्या होत्या. सेलवरची घड्याळं आली, कारखाना बंद पडला, आणि तिनं आपलं टेबल घरातल्या उत्तरेच्या खिडकीत मांडलं. जुनी, मोडकी घड्याळं आणायची, उलगडायची, धुऊन पुसून परत जिवंत करायची. सहा वर्षं असं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

त्या हिवाळ्यात, म्हणजे चौऱ्याऐंशीच्या, एकच काळजी होती. गास्पारचं हृदय ठोका चुकवत होतं. चार ठोके नीट, आणि पाचव्याच्या जागी नुसती पोकळी. डॉक्टरांनी जिना हळू चढायला सांगितलं होतं आणि बर्फ उपसायला साफ मनाई केली होती. रोज सकाळी कॉफी झाली की ओदील त्याचं मनगट धरून मोजायची. एक, दोन, तीन, चार, आणि रिकामं. एक, दोन, तीन, चार, आणि रिकामं. त्या रिकाम्या जागेत तिचा स्वतःचा श्वास अडकायचा.

२

ला ब्रेव्हिन गावात एका म्हाताऱ्या बाईचं घर रिकामं करत होते, म्हणून ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिथे गेली. बाई शरद ऋतूत वारली होती. तिची भाची एलियान खोक्यांच्या गराड्यात उभी होती आणि थंडीनं नाक पुसत होती.

"घड्याळं? एकच आहे. चला, दाखवते. हसू नका मात्र."

स्वयंपाकघरात भिंतीवर जुनं लंबकाचं घड्याळ होतं. एलियाननं त्याचं काचेचं दार उघडलं. लंबकाच्या दांडीला, पट्ट्यानं घट्ट आवळून, एक मनगटी घड्याळ बांधलेलं होतं. लंबक डावी-उजवीकडे जात होता आणि ते त्याच्याबरोबर झोके घेत होतं.

"हे इथे कुणी बांधलं?"

"जुस्तिनमावशीनं. ऑटोमॅटिक आहे ना, हलत राहिलं तर चालतं म्हणे. दर रविवारी मोठ्या घड्याळाला चावी द्यायची, म्हणजे हे थांबायचं नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा एकच घोशा, चावी दिली का, चावी दिली का. आम्ही दिली, काय करणार!"

"कुणाचं होतं?"

"नुमाकाकांचं. पण काकांना ते डोळ्यांसमोर नको असायचं. हयात होते तोवर मावशी ते गोठ्यातल्या घड्याळात लपवायची. चार वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा घरात आणलं." एलियाननं खांदे उडवले. "काका गेले तेव्हा रडली नाही हो ती. एक थेंब नाही. आणि ह्याला मात्र जपायची."

पोलादी, जाड काचेचं, तीस एक वर्षांपूर्वीचं घड्याळ. डायलवरचं नाव झिजून गेलेलं. ओदीलनं पट्टा सोडवला आणि घड्याळ तळहातावर घेतलं. खोलीत शेकोटी नव्हती. तोंडातून वाफ येत होती, खिडक्या आतून गोठल्या होत्या. घड्याळ कोमट होतं.

कुणाच्या तरी हातावरून आत्ताच काढल्यासारखं.

आपलेच हात गार पडलेत, म्हणून तसं लागतं, असं तिनं स्वतःला समजावलं आणि घड्याळ रुमालात गुंडाळून घेतलं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं मागचं झाकण उघडलं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो, तशी रीतच आहे. चांगल्या घड्याळात चार-पाच खुणा सापडतात. ह्या झाकणात कोरायला जागा उरली नव्हती. एकाच हाताच्या खुणा, दर तीन महिन्यांनी, सोळा वर्षं. आणि हात ओळखीचा होता. अल्सीद मात्थे. कारखान्यात तिला चिमटा धरायला शिकवणारे मास्तर.

मास्तरांनी एकदा दुरुस्त केलेलं घड्याळ दहा वर्षं परत यायचं नाही. मग हे दर तीन महिन्यांनी का?

तिनं घड्याळ मशीनवर चढवलं. बिस्किटांच्या डब्याएवढं ते मशीन घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि सरकत्या कागदी पट्टीवर प्रत्येक टिकेचा एक ठिपका उमटवतं. ठिपक्यांची ओळ सरळ गेली तर घड्याळ नीट, तिरकी गेली तर पुढे किंवा मागे.

ओळ सरळ निघाली. तिच्या शेजारी आणखी एक ओळ निघाली.

दुसऱ्या ओळीतले ठिपके विरळ होते. सावकाश, सारख्या अंतरावर, एक एक. ओदीलनं मिनिटभर मोजले. चौसष्ट.

नळ ठिबकत असेल. तिनं नळ पाहिला. फ्रीज बंद केला. टेबलावरचे हात उचलून मांडीवर ठेवले, कारण बोटांतली नाडीसुद्धा कधी कधी मशीन ऐकतं. शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेल्या गास्पारला तिनं हाक मारली.

"गास्पार, जरा पाच मिनिटं खाली जाऊन ये."

"बाहेर उणे अठरा आहे, ओदी! मी काय केलं?"

"काही नाही केलंस. जा म्हटलं ना."

तो कुरकुरत गेला. ठिपके येतच राहिले. तिनं बॅलन्सचं चाक चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं, म्हणजे घड्याळ मेलं. टिकटिकीची ओळ तुटली. विरळ ठिपक्यांची ओळ तशीच पुढे सरकत राहिली. चौसष्ट.

मग तिनं आतलं सगळं यंत्र काढून काचेच्या झाकणाखाली ठेवलं. हातात राहिली ती नुसती पोलादी वाटी, आत काही नसलेली. पुसून, फुंकर मारून तिनं ती मशीनच्या पकडीत बसवली.

कागदावर एक ठिपका आला. मग दुसरा. मग तिसरा.

ओदीलनं मशीनची वायर भिंतीतून उपटली आणि हात पोटाशी धरून बसून राहिली. भर दुपार होती, खिडकीबाहेर बर्फावर ऊन चमकत होतं, आणि खालून जिन्यावर गास्पारचं धापा टाकत वर येणं ऐकू येत होतं.

"झालं का तुझं?" त्यानं दारातून विचारलं. "चेहरा असा का गं? काही फुटलं?"

"नाही. काही नाही."

४

तीन दिवस तिनं त्या घड्याळाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी लावला, कारण उघडं पडलेलं घड्याळ तिला बघवत नसे. तिनं प्रत्येक चाक धुतलं, तेलाचे थेंब दिले, काच घासली, नवा पट्टा लावला. मळ असेल, कुठे तरी सैल स्क्रू असेल, धातू तापतो-निवतो तेव्हा आवाज करतो. अशी कारणं ती एकेक करून मनात जुळवत होती आणि हात आपलं काम करत होते. काम झाल्यावर मशीन लावायचं धाडस तिला झालं नाही. मास्तरांना विचारू, म्हणून तिनं कोट घातला आणि सकाळी अकराच्या बसनं वृद्धाश्रम गाठला.

अल्सीद मात्थे नव्वदीचे झाले होते. खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर घोंगडी, घोंगडीवर थरथरणारे हात.

"मास्तर, ओळखलंत का?"

"तुला नाही ओळखणार? डाव्या हातानं चिमटा धरणारी एकच पोरगी होती कारखान्यात." ते हसले. "काय आणलंस? ह्या इमारतीत चॉकलेट चालत नाही, पण मी चालवून घेतो."

तिनं चॉकलेट दिलं आणि झाकणावरच्या खुणांबद्दल विचारलं. मास्तरांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं.

"जुस्तिन गेली का?"

"शरदात."

"दर तीन महिन्यांनी यायची. म्हणायची, चालू राहिलं पाहिजे मास्तर, लवकर करा, फार वेळ बंद ठेवू नका. मला वाटलं, बाईच्या डोक्यात फरक पडलाय. मग एकदा मी ते मशीनवर लावलं."

"दोन ओळी," ओदील म्हणाली.

"दोन ओळी." त्यांनी चॉकलेटचा कागद घडी घालून ठेवला, पुन्हा उलगडला. "मी तिला विचारलं, नवऱ्याचं घड्याळ ना हे, मग तो का घालत नाही? तिनं खिडकीतून खाली बोट दाखवलं. खाली गाडीत नुमा बसला होता. ठणठणीत माणूस. शीळ घालत होता. ती म्हणाली, 'मास्तर, माझ्या नुमाला शीळ घालता येत नाही.'"

कॉरिडॉरमध्ये कुणी तरी ट्रॉली ढकलत गेलं. मास्तर ती लांब जाईपर्यंत थांबले.

"सोळा वर्षं ती ते चालू ठेवत होती. आणि मी एक गोष्ट तिला कधी सांगितली नाही. घड्याळ थांबलं तरी ती दुसरी ओळ थांबत नाही. तिच्या चावीची काही गरजच नव्हती. पण मग तिनं करायचं काय, सांग?"

"मास्तर, हे सगळं..."

"मला काही विचारू नकोस. मला ठाऊक नाही. मी घड्याळजी आहे." त्यांनी अचानक तिचं मनगट पकडलं. "कुणी हातात घातलं नाही ना ते?"

"नाही, छे. मी ते घरी..."

ती बोलता बोलता थांबली. घरातून निघताना घाई होती. टेबल आवरायचं होतं. काम झालेलं घड्याळ तिच्या हातानं, सहा वर्षांच्या सवयीनं, उचललं होतं आणि हिरव्या बशीत ठेवलं होतं.

५

बस वळणावळणानं चालली होती आणि ओदील पुढच्या सीटची दांडी धरून उभी होती. स्टॉपवरून ती पळतच गल्लीत शिरली.

गास्पार दारासमोर बर्फ उपसत होता. कोट काढून ठेवलेला, बाह्या वर केलेल्या. मोठं फावडं तो असा फेकत होता, जणू त्यात पिसं भरली आहेत. धाप नव्हती. डाव्या मनगटावर पोलाद चमकत होतं.

"गास्पार! फावडं खाली ठेव!"

त्यानं वळून पाहिलं. नेहमीचाच चेहरा, नाकावरचा तोच व्रण. तो तिच्याकडे बघत राहिला, टपालाचा पत्ता वाचता येत नसला की बघायचा तसा.

"बराच साचला होता," तो म्हणाला. "घरात या. गारठाल."

या. त्यानं तिला या म्हटलं.

वर आल्यावर त्यानं कॉफी करतो म्हटलं आणि कपांसाठी तीन कपाटं उघडली. चौथ्यात कप सापडले. ओदील त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. मग ती पुढे झाली, त्याचं मनगट हातात घेतलं, आणि घड्याळाच्या वरच्या बाजूला बोटं टेकली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा, सात. कुठेही रिकामी जागा नाही. भरीव, सावकाश, तरण्या बैलासारखे ठोके.

तिनं पट्टा सोडवला. त्यानं सोडवू दिला, उलट हात जरा पुढेच केला, ओझं उतरावं तसा. मशीनची वायर भिंतीत खुपसून तिनं घड्याळ पकडीत बसवलं.

एक ओळ सरळ. तिच्या शेजारी दुसरी.

ठिपका, ठिपका, ठिपका, ठिपका, आणि कोरी जागा. ठिपका, ठिपका, ठिपका, ठिपका, आणि कोरी जागा.

तिनं दोन्ही हातांनी ते मशीन, तो पत्र्याचा डबा, पोटाशी कवटाळला.

"बाई," तिच्या मागे गास्पारचा आवाज म्हणाला, "जुस्तिन कुठाय?"

६

तो टेबलाशी बसला होता, कप दोन्ही हातांत धरून. ओदील दाराजवळ उभी होती. मध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि ते तिला फार कमी वाटत होतं.

"तुम्ही नुमा," ती म्हणाली.

"हो." त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं. "हे घर कुणाचं? जुस्तिननं मला इथे पाठवलं का?"

"जुस्तिन वारली. शरदात."

त्यानं कप खाली ठेवला. गास्पारच्या डोळ्यांतून, गास्पारच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. तीस वर्षांत तिनं गास्पारला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"ती रविवारी बोलायची माझ्याशी," तो म्हणाला. "चावी देताना. ह्या आठवड्यात गाय व्याली, अमक्याचं लग्न झालं. मला सगळं ऐकू यायचं."

"माझा नवरा आत आहे."

"हो. मला जाताना दिसला. घाबरला होता."

"ते परत घाला. मनगटावर. आत्ता."

तो खुर्चीसकट मागे सरकला. "नाही. बाई, नाही. तुम्हाला कल्पना नाही. तिथे अंधार नाही, थंडी नाही, काही नाही. नुसता आवाज असतो. झोप नसते." तो हात जोडल्यासारखे धरून बोलत होता. "मी तुमचं सगळं करीन. बर्फ काढीन, लाकडं फोडीन. तुमच्या माणसाचं हृदय मोडकं होतं, आता बघा कसं चालतंय. काय वाईट आहे?"

मशीनच्या कागदावर ठिपके पडत होते. चार, आणि कोरी जागा. त्या कोऱ्या जागा लांबत चालल्या होत्या. तिला तसं वाटत होतं की खरंच लांबत होत्या, ते ती पुढेही कधी ठरवू शकली नाही.

ओदील आयुष्यात फारशी खोटं बोलली नव्हती. आता बोलली, तेव्हा तिला स्वतःच्याच सहजपणाचं नवल वाटलं.

"मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "रागानं बोलले. जुस्तिन जिवंत आहे. इथल्याच दवाखान्यात आहे. तुमची वाट बघतेय."

त्यानं मान वर केली.

"दोनची बस आहे. पण तुम्ही ह्या चेहऱ्यानं गेलात तर ती ओळखणार कशी? घड्याळ ओळखेल. घड्याळ घाला, मी घेऊन जाते तुम्हाला."

त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला की त्याला फक्त ठेवायचा होता, कोण जाणे. त्यानं बाही वर केली आणि हात पुढे केला. ओदीलच्या हातून पट्टा कडीत जाईना, तेव्हा त्यानंच दुसऱ्या हातानं तिला मदत केली.

"कोट कुठे आहे माझा?" तो म्हणाला, आणि खुर्चीतून वाकून खाली पडला.

७

गास्पार शुद्धीवर आला तो थंडीनं कुडकुडत. "ओदी," म्हणाला, "ओदी, किती आवाज होता गं." तिनं त्याला पलंगावर निजवलं, तीन पांघरुणं घातली आणि घड्याळ मशीनवर लावलं. एकच ओळ आली. सरळ, स्वच्छ, टिकटिकीची. तिनं अर्धा तास कागद सरकू दिला. दुसरी ओळ आली नाही.

ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि हमसून रडली. मग तिनं ते घड्याळ उलगडलं, एकेक स्क्रू, एकेक चाक वेगळं केलं, आणि पोलादी वाटी हातोडीनं चेपून टाकली. कोमटपणा कधीच गेला होता. आतून कुणी काही म्हटलं नाही. दुसरी ओळ मग गेली कुठे, हा प्रश्न तिला त्या दिवशी सुचला नाही.

तो सुचला दुसऱ्या सकाळी, कॉफीनंतर, गास्पारचं मनगट हातात घेतल्यावर.

एक, दोन, तीन, चार. तिनं सवयीनं श्वास रोखला. पाच.

पाचवा ठोका होता. बाकीच्यांहून वेगळा, खोलवरून, शेजारच्या खोलीत कुणी भिंतीवर बोट टेकवावं तसा. पुन्हा चार गास्पारचे, आणि पाचवा तो.

डॉक्टर खूश झाले. कागदावरचा आलेख दाखवून म्हणाले, "बघा मादाम कालाम, चुकलेला ठोका परत आलाय. असं क्वचितच घडतं." गास्पारही खूश होता. तो जिना न थांबता चढायचा. फक्त रोज दुपारी पावणेदोनला तो कोट घालून दाराशी खुर्चीवर बसायचा.

"कुठे निघालास?"

"काय माहीत. उगाच." आणि दोन वाजून गेले की कोट काढून खुंटीला लावायचा.

ओदीलनं दुरुस्तीचं काम सोडलं. मशीन विकून टाकलं. पण मनगट धरून मोजणं तिला सोडता आलं नाही. मार्चमध्ये पाचवा ठोका बाकीच्यांएवढाच जोरात यायला लागला. इस्टरनंतर त्यांच्याहून जोरात. आणि मग एप्रिलमधल्या एका दुपारी, बर्फ वितळून पन्हाळीतून पाणी धो धो वाहत असताना, तिला दारातल्या खुर्चीजवळ बसून मोजताना गास्पारचा दुसरा ठोका सापडला नाही. तिथेही तोच खोलवरचा होता. एक गास्पारचा, दुसरा त्याचा. तीन आणि चार गास्पारचे. पाचवा त्याचा.

"गास्पार," तिनं हळू हाक मारली. "गास्पार, अरे, माझ्याकडे बघ."

त्यानं तिच्या बोटांतून मनगट सोडवून घेतलं, कोटाची वरची गुंडी लावली आणि तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी बाईशी बोलावं तसा तो अदबीनं बोलला.

"बाई," तो म्हणाला, "दोनच्या बसमध्ये मला कधी नेणार?"